नाव बॉम्बे सॅपर्स, घर खडकीला: या पूल बांधणाऱ्या पलटणीबद्दल कोणी सांगेल का?

परळची_पायपीट
मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

परळ आणि प्रभादेवी स्टेशनांना जोडणारा लष्कराने बांधलेला पादचारी पूल बहुतेकांना माहीत असेल. माझी रोजची वाट तीच. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिथल्या जुन्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. तेव्हा स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. मग लष्कराला, म्हणजे खडकीच्या 'बॉम्बे सॅपर्स'ना, बोलावलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला नवा पूल खुला झाला. करी रोड आणि आंबिवलीचेही तेव्हाच.

परवा गर्दीत अडकलो असताना पहिल्यांदा त्या पुलाकडे नीट पाहिलं. लहानपणी मेकॅनो असायचं ना, तसा दिसतो. एकसारख्या चौकटी, त्यात चौकोनी नक्षी, जोडावर पिना. माझे प्रश्न असे:

१. हे 'बॉम्बे सॅपर्स' नक्की कोण? नाव आपल्या गावाचं आणि राहतात पुण्यात, हे कसं?
२. पूल असा मेकॅनोसारखा का?
३. एका पुलाला अशा किती चौकटी लागतात?

गुगल करा म्हणू नका. गुगलला गप्पा मारता येत नाहीत.

भोचक_भवानी
जे जे चांगलं ते शेवटी पुण्यात येतं, एवढंच पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

शिवडीचा_बगळा
पुणेकरांनी बांधलाय आणि पुलावर एकही पाटी नाही? पटत नाही.

दफ्तरदार
भवानीताई, उत्तर त्याहून साधं आहे. ब्रिटिशांच्या तीन इलाख्यांच्या तीन वेगळ्या फौजा होत्या, म्हणून इंजिनिअरांचे गटही तीन झाले: मद्रास, बंगाल, बॉम्बे. इथे 'बॉम्बे' म्हणजे शहर नव्हे, इलाखा. तो इलाखा कारवारपासून गुजरातपर्यंत होता, सिंधही बराच काळ त्यात होता. आज मद्रासवाले बंगळुरात आहेत, बंगालवाले रुडकीत आणि बॉम्बेवाले खडकीत. तिघांपैकी एकही आपल्या नावाच्या गावात राहत नाही.

मुळं १७७७ च्या 'पायोनिअर' तुकडीपर्यंत जातात. सैन्याच्या पुढे जाऊन झाडं तोडायची, वाट करायची, ओढे-नाले ओलांडायची सोय करायची, हे त्यांचं काम. 'सॅपर्स अँड मायनर्स' या नावाची तुकडी १८२० ची. म्हणून २०२० ला त्यांनी दोनशे वर्षं साजरी केली.

'सॅप' हा मूळ फ्रेंच शब्द. किल्ल्याच्या तटापर्यंत नागमोडी चर खणत जायचं, म्हणजे वरून गोळी लागत नाही. चर खणणारा तो सॅपर आणि तटाखाली सुरुंग भरणारा तो मायनर. मुलतानच्या १८४८-४९ च्या वेढ्यात बॉम्बेवाल्यांनी हेच केलं. पूल बांधणं हा त्या कामाचा एक भाग. लढणारी पलटण पुढे सरकली पाहिजे आणि शत्रूची सरकता कामा नये, असं बघायचं.

आणि खडकीचं म्हणाल, तर १८१७ ला पेशव्यांची फौज जिथे हरली तीच ही खडकी. पुढे तिथे छावणी झाली.

काकडआरती
दफ्तरदार, दंडवत. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

'सॅपर्स अँड मायनर्स'वरून आठवलं. आमची आजी म्हणायची, "आमचे थोरले मामंजी सफरमैनात होते." मला लहानपणी वाटायचं, मामंजींनी मैना पाळली होती आणि तिला घेऊन ते प्रवास करायचे. मोठेपणी कळलं की 'सॅपर माइनर'चंच गावाकडच्या तोंडी 'सफरमैना' झालं. त्यांची एक पत्र्याची पेटी अजून गावी आहे. तीत आजी लोणच्याच्या बरण्या ठेवायची.

भोचक_भवानी
सफरमैना! आजपासून माझा आयडी बदलून मिळेल का?

स्पॅनर
दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो. पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. सैन्यात नव्हतो, पण या पुलावर जीव आहे.

याला बेली पूल म्हणतात. डोनाल्ड बेली हे ब्रिटनच्या युद्धखात्यात नोकरीला असलेले इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्यांनी हा आराखडा केला. अडचण अशी होती की रणगाडे दर वर्षी जड होत चालले होते आणि जुने लष्करी पूल त्यांना पेलत नव्हते. प्रत्येक नदीची रुंदी वेगळी, प्रत्येक ठिकाणचं वजन वेगळं. किती प्रकारचे पूल बाळगणार? बेलींनी पूल बाळगायचाच नाही असं ठरवलं. एकच चौकट बाळगायची. दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन साधारण २६० किलो. सहा माणसांनी उचलावी आणि साध्या ट्रकमध्ये मावावी.

रुंद नदी असेल तर चौकटी एकापुढे एक लावा. वजन जास्त असेल तर एकाशेजारी एक लावा. तरी पुरेना तर एकावर एक चढवा. नावंही तशीच: 'डबल-सिंगल' म्हणजे प्रत्येक बाजूला दोन ओळी आणि एक मजला. 'ट्रिपल-डबल' म्हणजे तीन ओळी, दोन मजले. त्याच चौकटींतून गाढव जाईल असाही पूल होतो आणि रणगाडा जाईल असाही. हत्यारं काय लागतात? घण, पहार, पाने, जॅक. क्रेन नको, वेल्डिंग नको, रिव्हेट नको.

आता खरी गंमत. हा पूल पलीकडे कसा पोचवायचा? पलीकडचा काठ तर शत्रूकडे किंवा पुरात.

समजा, तुम्ही चाळीत राहता आणि गॅलरीतून समोरच्या चाळीच्या गॅलरीत शिडी पोचवायची आहे. शिडी कठड्यावर ठेवून पुढे सरकवत न्यायची. जोपर्यंत तुमच्या बाजूचं वजन जास्त आहे तोपर्यंत ती खाली पडत नाही. शेपटावर दोन पोरं बसवली की आणखी पुढे जाते. बेली पूल असाच जातो. अलीकडच्या काठावर रोलर ठेवायचे, पूल त्यावर जोडायचा आणि ढकलत न्यायचा. पुढच्या टोकाला नुसता सांगाडा असतो, त्यावर फळ्या नसतात. त्याला नाक म्हणतात. नाक हलकं, शेपूट जड. अधांतरी असताना नाक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं, म्हणून ते मुद्दाम वर वळवून ठेवायचं. पलीकडच्या रोलरवर टेकलं की नाक काढून टाका, पूल जॅकने खाली बसवा, फळ्या अंथरा. झालं.

युद्धात याचा पहिला वापर नोव्हेंबर १९४२ ला ट्युनिशियात झाला. पुढे एकट्या इटली आणि सिसिलीत मिळून तीन हजारांवर बेली पूल टाकले गेले.

शिवडीचा_बगळा
आमच्या चाळीत शिडी अशी एकदा नेली होती. लग्न पळून जाऊन झालं. अधिक तपशील देणार नाही, बायको आयडी ओळखते.

घण_आणि_पहार
स्पॅनर साहेबांनी बरोबर लिहिलं आहे. मी या गटातून निवृत्त झालो, हवालदार. मराठी टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

सहा माणसांनी चौकट उचलावी हे कागदावर छान दिसतं. माणशी त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलो येतात. एकदा उचललं तर काही नाही. रात्रभर, ओल्या चिखलात, दिवा न लावता तीच चौकट, परत चौकट, परत चौकट. सहाही जण एका उंचीचे असले तर बरं. आमच्यात एक सहा फुटी शीख होता. तो ज्या बाजूला उभा राही त्या बाजूच्या बुटक्यांची मजा, कारण सगळं वजन त्याच्यावर. तो शिव्या घालायचा, आम्ही पाय उचलून चालल्यासारखं करायचो.

पिन ठोकताना बोट मधे यायचं. माझ्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं नख पुन्हा सरळ आलं नाही. जोडाचं भोक जुळलं का ते बोट घालून बघायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. सगळे बोट घालूनच बघतात.

सगळ्यात वाईट क्षण नाक टेकण्याच्या जरा आधीचा. तेव्हा कोणी बोलत नाही. शेपटाकडची माणसं आपण होऊन मागे रेलतात, त्याने काही फरक पडत नाही हे माहीत असूनही.

बगळेसाहेब, पाटीचं म्हणालात. बेली पुलाला पाटी असतेच. पिवळ्या गोलात काळा आकडा. पुलाचा 'क्लास' किती, म्हणजे तो किती वजन पेलतो, ते त्यावरून कळतं. गाडीचा आकडा त्याहून मोठा असेल तर चढायचं नाही. यात हुज्जत नाही.

शिवडीचा_बगळा
म्हणजे पाटी निघालीच. माझा पुण्यावरचा विश्वास पुन्हा बसला.

दादरची_सुमा
हवालदार काका, लिहीत राहा हो. तुमच्यासाठीच हे असले धागे वाचते.

मी एक वेगळं बोलू का? मी त्या दिवशी त्या जिन्यापासून पंधरा मिनिटांवर होते. पाऊस जोरात होता, गाडी उशिरा आली म्हणून वाचले. खाली फुलबाजार, दुसऱ्या दिवशी दसरा. कोणीतरी "फूल गिर गया" म्हणालं आणि लोकांनी "पूल गिर गया" ऐकलं, अशी गोष्ट तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. खरं-खोटं कळायला मार्ग नाही. पण मराठीत ओरडलं असतं तर 'फुलं पडली' आणि 'पूल पडला', गोंधळ झाला नसता, हा विचार कित्येक रात्री डोक्यात फिरत होता. असल्या वेळी माणूस काहीही विचार करतो.

लष्कराने पूल बांधला याचा आनंद आहेच. पण त्याच्यासाठी आधी तेवीस माणसं जावी लागली. आमच्या शहरातल्या स्टेशनवर जिना रुंद करायला सीमेवरची पलटण आणावी लागते, यात मिरवण्यासारखं मला काही वाटत नाही.

एकटा_वाघोबा
सुमाताई, असहमत. काम झालं ना? बाकी खात्यांनी नुसत्या निविदा काढल्या असत्या. चार महिन्यांत तीन पूल. मी तर म्हणतो सगळे पूल लष्करालाच द्या.

दफ्तरदार
वाघोबा, हा वाद तेव्हाही झाला होता. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदरसिंग यांनी या निर्णयावर जाहीर टीका केली. ते स्वतः माजी लष्करी अधिकारी. लष्कराचं काम युद्धाची तयारी, त्याला नागरी कामाला जुंपू नका, असा त्यांचा रोख. दुसऱ्या बाजूने दाखला दिला जातो तो दिल्लीचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल पडला आणि लष्कराने काही दिवसांत बेली पूल उभा केला.

माझ्या मते दिल्लीत आणीबाणी होती. मुंबईत गर्दीची कल्पना वर्षानुवर्षं होती.

एकटा_वाघोबा
म्हणजे लष्कर वाईट?

दफ्तरदार
नाही हो. नीट वाचा.

घण_आणि_पहार
भांडू नका. आमच्या बाजूचं सांगतो. पूल बांधून मिळाला की जवानाला बरंच वाटतं. सरावात पूल बांधतो, फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी उकलून ट्रकात भरतो. आयुष्यभर बांधा आणि उकला. ज्याच्यावरून लोक खरंच ऑफिसला जातात असा पूल किती जणांच्या नशिबी येतो?

पण सुमाताईंचं म्हणणं खोडता येत नाही. बेली पूल अडल्या वेळेसाठी असतो.

आणि रेल्वेवर पूल टाकणं नदीपेक्षा अवघड. नदी थांबवायला लागत नाही. डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार असताना लोखंड सरकवायचं, म्हणजे आधी वीज बंद, गाड्या बंद. तेवढ्या वेळात काम उरकायचं आणि पहाटेच्या लोकलआधी बाजूला व्हायचं.

स्पॅनर
घणकाकांच्या मुद्द्याला +१००.

कोकणकडा
वायनाडला २०२४ मध्ये दरड कोसळल्यावर बॉम्बे सॅपर्सनीच पूल टाकला ना? आपल्या नगरच्या मेजर सीता शेळके होत्या. पुलावर उभ्या असलेला त्यांचा फोटो आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरला.

दफ्तरदार
अर्धं बरोबर. सीता शेळके नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्याच्या, गाडीलगावच्या. पण तो पूल बंगळुरूच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने बांधला, त्या त्यात अधिकारी होत्या. चुरलमलाला १९० फुटी बेली पूल, १ ऑगस्ट २०२४ ला पूर्ण. त्याशिवाय पलीकडे जेसीबी आणि रुग्णवाहिका जाऊ शकत नव्हत्या. मराठी मुलगी मद्रास सॅपर्समध्ये आणि खडकीच्या गटात शीख, असं ते चालतं. इलाखे केव्हाच संपले.

काकडआरती
अवांतर: रोइंगवाले दत्तू भोकनळ याच बॉम्बे गटाचे. चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही. घरचं काम विहिरी खोदण्याचं, प्यायच्या पाण्याची मारामार आणि हा गडी सैन्यात जाऊन होडी वल्हवायला शिकला. २०१६ ला रिओ ऑलिंपिक, २०१८ ला आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्ण.

घण_आणि_पहार
अवांतर नाही ते. आम्हाला पाण्यातलं काम यावंच लागतं. तरंगता पूल बांधायचा तर होडी हाताळता आली पाहिजे. विहीर खोदणाऱ्याचा पोरगा म्हणजे तर जन्मजात सॅपर.

कोकणकडा
तरंगता पूल म्हणजे?

स्पॅनर
खाली होड्या, वर बेली. ब्रह्मदेशात डिसेंबर १९४४ मध्ये कलेवा इथे चिंडविन नदीवर असाच टाकला होता, १,१५४ फूट. त्या वेळी त्या जातीतला जगातला सर्वांत लांब म्हणून गाजला. ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीचे ट्रक त्यावरून मंडालेच्या दिशेने गेले.

आणि इटलीतला मोरो नदीवरचा 'अशक्य पूल' वाचा कधी. डिसेंबर १९४३, आठवी भारतीय डिव्हिजन. आपल्या काठावर वळण इतकं अडचणीचं की पूल जुळवायला जागाच नव्हती. मग आपल्या इंजिनिअरांनी सामान पलीकडे नेलं आणि शत्रूच्या काठावरून आपल्या दिशेने पूल बांधत आणला. वर मी 'पलीकडे कसा पोचवायचा' विचारलं होतं ना, त्यांनी प्रश्नच उलटा केला.

दफ्तरदार
पूल नाही तेव्हाही सॅपर पुढेच असतो, हे राहून जायला नको. या गटाची दोन नावं पाठ असायला हवीत.

पहिले प्रेमिंद्रसिंग भगत. १९४१, अ‍ॅबिसिनियाची (आजच्या इथिओपियाची) मोहीम. चार दिवसांत ५५ मैलांच्या रस्त्यावरची पंधरा सुरुंगक्षेत्रं शोधून साफ केली. दोनदा बसलेली गाडी सुरुंगाने उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी दुसऱ्याला काम दिलं नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरे राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता. सुरुंग, तोडलेले पूल, आडवी टाकलेली झाडं. राणे पुढच्या रणगाड्याखाली सरपटत चालले आणि दोरीने चालकाला इशारे देत गेले. ८ ते ११ एप्रिल. परमवीर चक्र, तेही जिवंतपणी.

परळची_पायपीट
राणे यांचं नाव मी जहाजावर वाचल्याचं आठवतंय.

दफ्तरदार
बरोबर. नरिमन पॉइंटच्या शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली होती, त्यांत राणेही होते. रस्ता करणाऱ्याचं नाव बोटीला.

आणि मुंबईचा खरा संबंध हवा असेल तर १८६८ ची अ‍ॅबिसिनियाची मोहीम घ्या. फौज याच बंदरातून निघाली, सोबत ४४ हत्ती. बॉम्बे सॅपर्सही होते. तिकडे झुल्याला बंदर नव्हतं, तर इंजिनिअरांनी धक्के बांधले, आत रेल्वेही टाकली. एवढं करून मगदलाच्या किल्ल्याच्या दरवाज्याशी पोचले, तेव्हा लक्षात आलं की दरवाजा उडवायची दारू मागेच राहिली!

भोचक_भवानी
डोंगराएवढी तयारी आणि काडेपेटी घरी. आमच्या ट्रिपा अशाच असतात.

कोकणकडा
धागा वर काढतोय. हल्ली बेलीच वापरतात का काही नवीन आलंय?

घण_आणि_पहार
नवीन बरंच आहे. पुण्याजवळ दिघीला डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची, प्रयोगशाळा आहे, तिने 'सर्वत्र' नावाचा पूल केला आहे. ट्रकवरच घडी घालून येतो, पंधरा मीटरचा एक तुकडा, पाच जोडले की पंचाहत्तर मीटर, वरून रणगाडा. चौकटी उचलाव्या लागत नाहीत, बटणं दाबायची. 'सर्वत्र' हेच आमच्या कोअरचं, म्हणजे लष्कराच्या सगळ्या इंजिनिअर दलाचं, ब्रीद.

तरी डोंगरात, जिथे तो ट्रक वळत नाही, तिथे बेलीच. सहा माणसं कुठेही वळतात.

परळची_पायपीट
सगळ्यांचे आभार. तिसरा प्रश्न मात्र तसाच राहिला.

स्पॅनर
तो आपणच सोडवू. बातम्यांत परळ-एल्फिन्स्टनच्या पुलाची लांबी ७३ मीटर आणि रुंदी ३.६५ मीटर दिली होती. हे आकडे विचित्र वाटतात ना? फुटांत करा. २४० फूट आणि १२ फूट. चौकट दहा फुटांची, म्हणजे एका बाजूच्या एका ओळीत २४. वायनाडचा १९० फूट, म्हणजे १९. मीटरमध्ये सांगितला तरी बेली पूल आतून फुटांतच असतो. एका बाजूला ओळी किती आहेत ते जाऊन बघा आणि गुणा.

परळची_पायपीट
आज सकाळी मोजायला गेलो होतो. मुद्दाम पंधरा मिनिटं लवकर निघालो, परळच्या टोकापासून सुरुवात केली. अकरापर्यंत व्यवस्थित मोजल्या. मग मागून एक गाडी रिकामी झाली आणि "ओ काका, चला पुढे" म्हणत लोकांनी मला ढकलत पलीकडच्या टोकाला नेऊन टेकवलं. उद्या उलट बाजूने मोजतो.

घण_आणि_पहार
पलीकडच्या काठावरून सुरू करा. जमतं ते.